सराफी पेढीचे सॉफ्टवेअर: सोन्याचा हिशेब रुपयांत का मावत नाही

२०२५ च्या एप्रिल महिन्यात सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांपर्यंत प्रथमच पोहोचला आणि पाव ग्रॅमची चूक म्हणजे अडीच हजार रुपयांची चूक, असा हिशेब झाला. साहजिकच सराफाच्या दुकानातून मिळणारे छापील बिल लोक आता निरखून वाचतात आणि वाचून बऱ्याचदा गोंधळतात. एकूण वजन वेगळे, निव्वळ वजन वेगळे, शुद्धतेचा आकडा, घडणावळीची टक्केवारी, सहा अंक-अक्षरांचा एक अनोळखी क्रमांक, दोन निरनिराळ्या दरांचे कर आणि शेवटी जुन्या दागिन्यांची वजावट, असे हे बिल किराणा दुकानाच्या बिलाहून अगदीच निराळे दिसते. ज्या संगणकातून ते छापून येते त्याला सोन्याबद्दल नेमके काय ठाऊक असावे लागते, आणि असे सॉफ्टवेअर रचणाऱ्याने आधी काय समजून घ्यावे लागते, हे या लेखात पाहायचे आहे. बिल हातात घेणारा ग्राहक आणि वहीवरून संगणकावर जाण्याचा विचार करणारा तालुक्याच्या गावचा सराफ, असे दोन्ही वाचक लिहिताना डोळ्यांसमोर आहेत.

## किराणा दुकान आणि सराफी पेढी

किराणा दुकानातील साखरेची एक पिशवी दुसऱ्या पिशवीसारखीच असते. संगणकाला "साखर, एक किलो, शिल्लक चाळीस" एवढे सांगितले की काम भागते. त्यातली कोणती पिशवी विकली गेली याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. सराफाकडे तसे चालत नाही. एकाच कारागिराने एकाच घाटाच्या दोन पाटल्या घडवल्या तरी एक २०.१४० ग्रॅमची भरते आणि दुसरी २०.३१० ग्रॅमची. म्हणून सराफी बोलीत ज्याला "डाग" म्हणतात तो प्रत्येक दागिना संगणकात स्वतंत्र नोंद म्हणून राहावा लागतो, त्याला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची चिठ्ठी लागते. "पाटल्या, शिल्लक चाळीस" ही नोंद येथे जवळजवळ निरुपयोगी आहे.

दुसरा फरक किमतीचा. साखरेच्या पिशवीवर किंमत छापून ठेवता येते. दागिन्याची किंमत मात्र विक्रीच्या क्षणीच जन्माला येते, कारण ती त्या दिवसाच्या, कधी कधी त्या तासाच्या भावावर ठरते. तिसरा फरक असा की सराफाचा ग्राहक नुसता घेत नाही, देतोही. जुन्या बांगड्या मोडीत घालून त्या बदल्यात नवे तोडे नेणे हा या धंद्याचा रोजचा व्यवहार आहे, त्यामुळे एकाच बैठकीत खरेदी आणि विक्री दोन्ही होतात.

चौथा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक सॉफ्टवेअरच्या रचनेत हुकतो. पेढीतील सोन्याची बरीचशी ये-जा एक रुपयाही न हलता होते. चोख, म्हणजे शुद्ध, सोने कारागिराकडे जाते, घडलेले डाग शुद्धता तपासून शिक्का मारणाऱ्या हॉलमार्क केंद्रात जातात, एखादा हार "पसंत पडला तर ठेवतो" म्हणून ओळखीच्या घरी जातो, ज्याला जांगड म्हणतात. यांपैकी कशाचेच बिल होत नाही. केवळ बिले बनवणारा संगणक असला तर हे सगळे सोने त्याच्या दृष्टीने अदृश्य राहते.

## एका डागाची कुंडली

डागाच्या नोंदीत पहिला प्रश्न वजनाचा. मंगळसूत्र काट्यावर ठेवले की काटा सोन्यासोबत काळ्या मण्यांचेही वजन दाखवतो. नथीत मोती असतात, अंगठीत खडा असतो. काटा जे दाखवतो ते एकूण वजन, आणि त्यातून मणी, मोती, खडे वजा जाता उरते ते निव्वळ वजन. भाव लागतो तो निव्वळ वजनाला. बोरमाळेची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. तिचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ असतात आणि दाबाने चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. एकदा भरलेली लाख दुकानात बसून मोजता येत नाही. म्हणजे बोरमाळेचे निव्वळ वजन खात्रीने सांगणारा कागद एकच, लाख भरण्यापूर्वी कारागिराने केलेली नोंद. म्हणून चांगल्या रचनेत अशा डागाचे निव्वळ वजन कारागिराच्या पावतीवरूनच आले पाहिजे आणि विक्रीच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला ते बदलता येता कामा नये. फुटकळ वाटणारी ही एक अट पुढचे कितीतरी वाद टाळते.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. चोख सोने मऊ असते, म्हणून दागिन्यात तांबे, चांदी यांसारखे धातू मिसळतात. शंभर भागांत चोख सोने किती, या मापाला टंच म्हणतात. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ असे कोरलेले असते, त्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे ९१.६ टंच. अठरा कॅरटचे ७५०, चौदा कॅरटचे ५८५. कॅरट या शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर येतात: सोन्याच्या बाबतीत तो शुद्धता सांगतो, हिऱ्याच्या बाबतीत वजन, आणि हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. एकाच अंगठीच्या नोंदीत दोन्ही कॅरट येऊ शकतात, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाने हवेत.

तोळ्याचेही तसेच. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमच्या आसपास होता आणि त्याच्या ९६ गुंजा होत. आज बाजारात तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजतात. आजीने लेकीला "पाच तोळ्यांच्या पाटल्या" दिल्या असतील तर त्या जुन्या मापाने अठ्ठावन्न ग्रॅमच्या वर भरू शकतात. यावर उपाय साधा आहे: संगणकाने आत सर्वत्र ग्रॅमच ठेवावेत, आणि तोळा, गुंज हे शब्द फक्त बोलण्यापुरते राहावेत.

## बिलातील प्रत्येक ओळ कोठून येते

आता एक बिल मांडून पाहू. समजण्याच्या सोयीसाठी भाव गोळा आकड्यांत घेतले आहेत: चोख सोने ग्रॅमला ११,००० रुपये आणि बावीस कॅरट १०,१०० रुपये. मंगळसूत्राचे एकूण वजन २४.३५० ग्रॅम, काळे मणी ४.१५० ग्रॅम, म्हणजे निव्वळ सोने २०.२०० ग्रॅम. मण्यांची किंमत येथे सोडून देऊ. सोन्याचे झाले २,०४,०२० रुपये. घडणावळ दहा टक्के धरली तर २०,४०२ रुपये. बेरीज २,२४,४२२ रुपये आणि तिच्यावर तीन टक्के जीएसटी ६,७३२ रुपये ६६ पैसे. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, असे ५३ रुपये १० पैसे. एकूण २,३१,२०७ रुपये ७६ पैसे, म्हणजे पूर्णांकात २,३१,२०८ रुपये.

हे मंगळसूत्र घेणाऱ्या बाईंनी साडेबारा ग्रॅमच्या जुन्या बांगड्या मोडीत घातल्या. यंत्रावर टंच निघाला ८८. साडेबारा ग्रॅमचे ८८ टक्के म्हणजे बरोबर ११ ग्रॅम चोख सोने, आणि त्याचे १,२१,००० रुपये. देणे उरले १,१०,२०८ रुपये.

येथे ग्राहक हमखास विचारतो की मी प्रत्यक्षात एक लाख दहा हजारच देत असताना कर पूर्ण सव्वादोन लाखांवर का लावला. याचे कारण असे की कागदोपत्री हे दोन निराळे व्यवहार आहेत. सराफाने बाईंना मंगळसूत्र विकले, त्यावर कर लागतो; बाईंनी सराफाला घरच्या बांगड्या विकल्या, आणि घरगुती माणसाने स्वतःचे दागिने विकल्यावर जीएसटी लागत नाही. दोन्हींची वजाबाकी फक्त पैसे देताना होते. जे सॉफ्टवेअर मोड ही "सूट" म्हणून बिलातून वजा करते, ते कर चुकीचा काढते आणि त्याहून वाईट म्हणजे त्या साडेबारा ग्रॅम सोन्याचा मागच हरवून टाकते. सूट म्हणजे पैसे कमी घेणे; मोड म्हणजे सोने हातात येणे. या दोन गोष्टींना एकच रकाना दिला की पेढीचा हिशेब पहिल्याच दिवशी बिघडतो.

बिल दोन लाखांच्या वर गेल्यामुळे संगणकाने पॅन क्रमांकही मागितला पाहिजे, कारण १ जानेवारी २०१६ पासून तसा नियम आहे. एका दिवसात एका व्यक्तीकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे, तीही संगणकानेच लक्षात ठेवावी. सणाच्या गर्दीत ही बेरीज माणसाच्या डोक्यात राहत नाही.

## दोन खतावण्या: एक रुपयांची, एक सोन्याची

या लेखातील मुख्य गोष्ट हीच आहे. इतर दुकानदार रुपयांची एक खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, ठेवतो. सराफाला दोन लागतात. दुसरीत रकमेच्या जागी चोख सोन्याचे ग्रॅम लिहिले जातात, आणि या दुसऱ्या खतावणीवर भावाच्या चढउताराचा काहीही परिणाम होत नाही.

कारागिराचे उदाहरण घेऊ. सराफाने त्याला ९१.६०० ग्रॅम चोख सोने दिले. त्याने बावीस कॅरटचे ९८.५०० ग्रॅमचे डाग घडवून आणले. कापणे, घासणे, आटवणे, उजळणे यांत थोडे सोने जाते, त्याला घट म्हणतात. ती एक टक्का ठरली आहे असे समजा. मग कारागिराच्या खात्यावर जमा किती? डागांतील सोने ९१.६ टक्के आणि घटीचा एक टक्का मिळून ९२.६ टक्के, म्हणजे ९८.५०० ग्रॅमवर ९१.२११ ग्रॅम. त्याच्याकडे शिल्लक राहिले ०.३८९ ग्रॅम. वरच्या उदाहरणातील भावाने त्याची किंमत ४,२७९ रुपये होते. सहा महिन्यांनी हिशेबाला बसल्यावर भाव दीडपट झालेला असला तरी कारागिराचे देणे ०.३८९ ग्रॅमच राहते. हीच बाकी रुपयांत लिहून ठेवली असती तर भाव चढल्यावर सराफाचे आणि उतरल्यावर कारागिराचे विनाकारण नुकसान झाले असते.

घरातील पाण्याची उपमा येथे उपयोगी पडते. पिंपातले पाणी कळशीत ओतले, कळशीतले तांब्यात घेतले, तरी घरातील एकूण पाणी तेवढेच राहते. थोडे सांडले तर "सांडले" असे म्हणून तेवढे बाजूला धरले की बेरीज पुन्हा जुळते. सोन्याच्या खतावणीत तिजोरी, विक्रीचा गल्ला, प्रत्येक कारागीर, हॉलमार्क केंद्र, जांगड, मोडीची पेटी, गलाईला दिलेला माल, ही सगळी भांडीच समजायची. सोने एका भांड्यातून निघाले की त्याच क्षणी दुसऱ्या भांड्यात दिसले पाहिजे. घट हेसुद्धा एक भांडेच. शिवाय घट म्हणून गेलेले सगळे सोने नाहीसे होत नाही; सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातील कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या त्यावरच पोट भरत आले आहेत. केरातून परत मिळालेल्या सोन्याची जमा करण्यासाठीही खतावणीत जागा हवी.

गलाई म्हणजे मोडीचे सोने आटवून, गाळून पुन्हा चोख करणे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील मराठी गलाई कारागीर देशभर पसरले आहेत आणि परराज्यांतील कित्येक सराफ बाजारांत मराठी बोलणारी ही माणसे भेटतात. मोड गलाईला जाताना अंदाजाने धरलेला टंच आणि गाळून प्रत्यक्ष मिळालेले चोख सोने यांत फरक पडतोच. उदाहरणार्थ, ८८ टंच धरून घेतलेला माल ८७.४ निघू शकतो. हा फरक रोज, प्रत्येक आटणीगणिक लिहिला गेला तर वर्षाअखेरीला सराफाला कळते की मोड घेताना आपला अंदाज सतत जास्त होतो की कमी. माझ्या मते सॉफ्टवेअरकडून मालकाला मिळणारी ही सर्वांत मोलाची माहिती आहे, आणि ती कोणत्याही बिलावर दिसत नाही.

## बिंदूनंतरचे तीन आकडे

संगणक आकडेमोडीत चुकत नाही, असा आपला समज असतो. तो बहुतांशी बरोबर आहे, पण एका ठिकाणी सावध राहावे लागते. एकाला तीनने भागले तर आपण ०.३३३३ असे लिहीत जातो आणि कधीच पूर्ण लिहू शकत नाही. संगणक दोनच अंकांत, शून्य आणि एक, मोजत असल्यामुळे त्याला आपला साधा ०.१ सुद्धा असाच न संपणारा अपूर्णांक वाटतो. तो अगदी जवळचा आकडा ठेवतो, पण नेमका तोच नव्हे. म्हणूनच नेहमीच्या पद्धतीने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर कित्येक संगणकभाषांत उत्तर ०.३ च्या किंचित पुढे, सतरावा आकडा बदललेले येते.

एका बिलात हे जाणवत नाही. पण असे आकडे हजारो वेळा मिळवून झाल्यावर "शिल्लक शून्य आहे का?" असा प्रश्न संगणकाला विचारला तर तो "नाही" म्हणू शकतो, कारण शून्याऐवजी काहीतरी अतिसूक्ष्म उरलेले असते. तसेच अर्ध्या पैशावर आलेली रक्कम कधी वरच्या, कधी खालच्या पैशावर आणली जाते आणि कागदाशी पैशांचा फरक दिसू लागतो. उपाय जुना आणि निर्दोष आहे: वजन ग्रॅममध्ये न ठेवता मिलिग्रॅममध्ये, पूर्ण आकड्यात ठेवावे. २०.२०० ग्रॅम म्हणजे २०,२०० मिलिग्रॅम. रुपये तसेच पैशांत. पूर्ण आकड्यांच्या बेरजेत संगणक चुकत नाही. बिंदू फक्त छापताना द्यायचा. गुणाकार-भागाकारानंतर आकडा कोठे आणि कसा पूर्णांकात आणायचा, प्रत्येक ओळीवर की शेवटी एकदाच, हा नियमही आधी लिहून ठरवावा आणि सगळीकडे तोच पाळावा.

वजन शक्यतो काट्यावरून थेट संगणकात यावे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना तशी तार जोडता येते. हाताने लिहिताना २०.१४० चे २०.४१० होते, आणि अशी चूक शोधायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दहा ग्राहक होऊन जातात.

## नियम बदलतात, नोंदी बदलत नाहीत

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला तो १६ जून २०२१ पासून, प्रथम २५६ जिल्ह्यांत. त्यानंतर प्रत्येक डागाला सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र ओळख क्रमांक आला, त्याला एचयूआयडी म्हणतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क करणाऱ्या केंद्राची माहिती दिसते. बिलावरचा तो अनोळखी क्रमांक म्हणजे हाच, आणि ग्राहकाने तो दुकानातच तपासून पाहावा असे मी आवर्जून सांगेन. जुलै २०२५ मध्ये हॉलमार्कच्या यादीत नऊ कॅरटची, ३७५ ची भर पडली. कराचेही असेच: तीन टक्के जीएसटी १ जुलै २०१७ पासूनचा आहे, त्याआधी कर वेगळे होते.

यावरून सॉफ्टवेअर रचणाऱ्याने घ्यायचा बोध असा की शुद्धतेची यादी, कराचे दर आणि भाव हे सॉफ्टवेअरच्या आज्ञावलीत कायमचे कोरू नयेत; ते तक्त्यात ठेवावेत आणि प्रत्येकापुढे "या तारखेपासून" असे लिहावे. त्याच वेळी बिल झाले की त्या क्षणीचा भाव, दर आणि टंच यांची प्रत बिलातच कायमची ठेवावी. तीन वर्षांपूर्वीचे बिल पुन्हा छापले आणि त्यात आजचा भाव उमटला, तर ते बिल खोटे झाले.

एक सूक्ष्म बाब येथे सांगण्याजोगी आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलके डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ हे प्रकार हॉलमार्कच्या सक्तीतून वगळलेले आहेत, आणि वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेल्या सराफांनाही सूट आहे. एचयूआयडीचा रकाना सरसकट सक्तीचा केला, तर दीड ग्रॅमच्या बाळीचे बिल करताना नोकर तेथे काहीतरी सहा अक्षरे ठोकून पुढे जाईल. रिकामी जागा विनाकारण सक्तीची केली की माणूस ती खोट्याने भरतो. रकान्यात क्रमांक तरी असावा, नाहीतर वगळण्याचे कारण असावे, अशी सोय हवी.

## भिशीचे पैसे कोणाचे?

बऱ्याच पेढ्यांत दरमहा ठरावीक रक्कम भरून वर्षाअखेरीला दागिना घेण्याची योजना असते, तिला लोक भिशी म्हणतात. ती अकरा महिन्यांचीच का असते, असे अनेकांना वाटते. मालाच्या खरेदीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन चुकती केली नाही, तर कंपन्यांच्या बाबतीत ती ठेव मानली जाते, आणि ठेवी घेण्याचे नियम कडक आहेत. शिवाय २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांना बंदी घालणारा कायदाही आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की भिशीचा हप्ता हा गल्ल्यात आला तरी विक्री नव्हे, ते देणे आहे. दरमहा त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा करण्याची योजना असेल, तर ते देणे सोन्याच्या खतावणीत लिहावे लागते, आणि तेवढे सोने हाती नसेल तर भाव चढताच पेढी तोट्यात जाते. मालकाला हा आकडा रोज सकाळी समोर दिसला पाहिजे.

## "आमचा मुनीम चाळीस वर्षे बिनचूक वही ठेवतो"

ही हरकत मी आदराने ऐकतो, कारण ती बऱ्याचदा खरी असते. वर सांगितलेली सोन्याची खतावणी काही संगणकाने शोधलेली नाही. ती कोल्हापूरच्या गुजरीत, जळगावच्या सराफ बाजारात आणि मुंबईच्या झवेरी बाजारात पिढ्यानपिढ्या वहीत लिहिली गेली आहे. सॉफ्टवेअर रचणाऱ्याने आधी त्या मुनिमाशेजारी बसून त्याची वही वाचायला शिकले पाहिजे. अडचण एवढीच की वहीतील अर्धे ज्ञान मुनिमाच्या डोक्यात असते. "नानांकडचा हार" या तीन शब्दांत कोणते नाना, कोणता हार, जांगड की दुरुस्ती, हे त्यालाच ठाऊक असते, आणि तो आजारी पडला की पेढी अडते.

## "साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर का पुरत नाही?"

कर भरण्यापुरते आणि ताळेबंदापुरते ते पुरते. पण त्याला सोन्याचे ग्रॅम हे चलन म्हणून कळत नाहीत आणि प्रत्येक डागाची वेगळी ओळख कळत नाही. व्यवहारात चांगला मार्ग असा दिसतो की पेढीचे सॉफ्टवेअर डाग आणि सोने सांभाळते, आणि दिवसअखेरीला रुपयांच्या नोंदी हिशेबाच्या सॉफ्टवेअरला देते.

## "चूक झाली तर खोडता का येत नाही?"

वहीचे पान फाडत नाहीत. चुकीच्या ओळीवर आडवी रेघ मारतात, शेजारी बरोबर आकडा लिहितात आणि सही करतात. संगणकातही तेच हवे. बिल पुसायचे नाही, रद्द म्हणून नोंदवायचे, कोणी आणि केव्हा रद्द केले ते लिहायचे, आणि डाग पुन्हा शिलकेत आणायचा. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा असा माग ठेवणे कायद्यानेच आवश्यक आहे. लहान पेढीवर ही सक्ती नसली तरी तिला याची गरज जास्तच आहे, कारण तेथे एकच संगणक तिघेजण वापरतात. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा असावा, भाव बदलण्याचा अधिकार एकाकडेच असावा आणि घडणावळीत किती सूट द्यायची याला मर्यादा असावी. असे केल्याने नोकरावर अविश्वास दाखवला जातो असे मला वाटत नाही. काही कमी पडले तर निरपराध माणसावर संशय येऊ नये, यासाठीच हा माग उपयोगी पडतो.

## "चिठ्ठीवरूनच मोजणी होते, मग वजन कशाला?"

हल्ली डागाला रेडिओलहरींवर चालणारी चिठ्ठी लावतात, आणि यंत्र ट्रेवरून फिरवले की शेकडो डाग काही मिनिटांत मोजले जातात. सोय मोठी आहे, पण यंत्र चिठ्ठी मोजते, डाग मोजत नाही. चिठ्ठी सोडवून दुसऱ्या हलक्या अंगठीला बांधली तरी यंत्राला सर्व ठीकच दिसते. म्हणून रात्री तिजोरी लावताना नग आणि ट्रेचे वजन, दोन्ही जुळले पाहिजेत.

## "गुरुपुष्याच्या दिवशी इंटरनेट गेले तर?"

गुरुपुष्यामृत, अक्षय तृतीया, दसरा या दिवशी गुंजभर का होईना सोने घ्यायला गर्दी होते, आणि त्याच दिवशी जाळे कोलमडले तर दुकान थांबवता येत नाही. त्यामुळे बिल करण्याचे काम दुकानातील संगणकावरच पूर्ण होईल आणि जाळे परतल्यावर नोंदी वर जातील, अशी रचना हवी. मात्र जीएसटीच्या नियमानुसार बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव असावे लागतात, म्हणून दोन गल्ले असतील तर प्रत्येकाला क्रमांकांची वेगळी मालिका द्यावी. नाहीतर दोघेही एकाच क्रमांकाचे बिल फाडतील. मुहूर्तावर भाव बांधून दागिना आठ दिवसांनी न्यायचा असेल, तर बांधलेला भाव, दिलेली आगाऊ रक्कम आणि तेवढ्या वजनाचे देणे या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी नोंदवाव्यात.

## वहीवरून संगणकावर जाण्याचा दिवस

हा दिवस दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर कधीच ठरवू नये. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असते, तो काळ बरा. दुकान एक-दोन दिवस बंद ठेवून प्रत्येक डाग काट्यावर ठेवावा, त्याला चिठ्ठी बांधावी, एचयूआयडी लिहावा, खडे-मणी वजा करावेत. प्रत्येक कारागिराला बोलावून त्याच्यासमोर त्याची चोख सोन्याची बाकी ठरवावी आणि दोघांनी सही करावी. जांगड गेलेल्या प्रत्येक डागाची यादी घरोघरी विचारून पक्की करावी. त्यानंतर महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालवावेत आणि रोज रात्री दोन्हींच्या ग्रॅमची शिल्लक शेजारी शेजारी लिहावी.

या पहिल्या मोजणीत वहीशी फरक निघणार, हे आधीच धरून चालावे. तो फरक कोणाच्या तरी खात्यात ढकलून आकडे जुळवण्याचा मोह फार होतो. तसे न करता "पहिल्या मोजणीतील फरक" नावाचे एक वेगळे खाते उघडावे, त्यात तेवढे ग्रॅम आणि मिलिग्रॅम तारखेसह लिहावेत, आणि त्याखाली मालकाने स्वतः सही करावी.